पल्ल्याचा हिशेब

शार्लमेनच्या दरबारातला विद्वान अल्क्विन याच्या नावावर लॅटिन कोड्यांचा एक संग्रह आहे. तरुणांच्या बुद्धीला धार यावी म्हणून रचलेल्या या कोड्यांत एका उंटाचे गणित आहे. ९० मापे धान्य ३० कोसांवरच्या घरी न्यायचे आहे. उंट एका खेपेला ३० मापे वाहतो आणि ओझे घेऊन चालताना दर कोसाला एक माप खातो. धान्य सरळ नेले तर घरी दाणाही पोचत नाही, सगळे उंटाच्याच पोटात जाते. संग्रहातले उत्तर असे, की २० कोसांवर थांबावे, तीन खेपांत तिथे ३० मापे जमवावीत आणि तेवढी घेऊन उरलेले १० कोस चालावेत; म्हणजे घरी २० मापे पोचतात. अकराशेहून अधिक वर्षांनी, १९४७ मध्ये, एन. जे. फाइन या अमेरिकी गणितज्ञाने याच जातीचा प्रश्न उंटाऐवजी जीप घेऊन पुरता सोडवला. एका टाकीत जेवढे अंतर जाता येते त्याच्या दुप्पट अंतर, वाटेत इंधनाचे साठे करत करत, गाठायचे असेल, तर टाकीच्या साडेसात पटींहून अधिक इंधन लागते. तिप्पट अंतराला पन्नास टाक्यांहूनही जास्त लागते. बाकीचे सारे साठा पुढे सरकवण्याच्या येरझाऱ्यांत जळून जाते. उलट, गाडीलाच तेवढीच दुसरी टाकी बसवली तर दुप्पट अंतराला दोन टाक्या पुरतात. वाढलेल्या वजनापायी जाणारे थोडे इंधन काय ते वेगळे धरावे लागते.

रानोमाळ आणि वाळूत चालणाऱ्या गाड्यांना आज जी जादा टाकी बसवतात, तिचा इतिहास या गणितातून पाहावा असे मला वाटते. मोटारीने वाळवंट कसे ओलांडले हे सांगताना इंजिन, रुंद टायर, चारही चाकांना मिळणारी ताकद यांचे कौतुक होते आणि टाकीचा उल्लेख सुट्या सामानाच्या यादीत कुठेतरी येतो. पुरावा मात्र वेगळे सांगतो. निर्जल, निर्जन प्रदेशात माणसाचा पल्ला प्रत्येक काळात भांड्याने ठरवला आहे. ते भांडे आधी जमिनीत होते, मग गाडीवर चढले, शेवटी गाडीच्या पोटात गेले. या सरकण्याबरोबर प्रवासाची सूत्रेही अनेकांच्या हातून एकट्याच्या हातात गेली. म्हणून जादा टाकी दिसते तेवढी किरकोळ वस्तू नाही. तिने वाळवंटातल्या प्रवासाची समाजरचनाच बदलली.

इजिप्तच्या पश्चिम वाळवंटात दाखला मरुद्यानाच्या नैर्ऋत्येला अबू बल्लास नावाची टेकडी आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, इजिप्तच्या भूसर्वेक्षणातले जॉन बॉल फोर्ड गाड्यांच्या गस्तीबरोबर तिथे पोचले, तेव्हा पायथ्याशी मातीच्या मोठमोठ्या रांजणांचा खच पडलेला होता. पाण्याचा थेंब नसलेल्या जागी रांजण कोणी आणले याचे कोडे कित्येक वर्षे सुटले नाही. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर वाळवंटात भटकंती करणारे कार्लो बर्गमान यांना त्याच दिशेने जाणारे असेच आणखी थांबे सापडले आणि कोलोनच्या पुरातत्त्वज्ञांनी त्यांचा अभ्यास केला. दाखलापासून गिल्फ कबीरच्या पठारापर्यंत सुमारे ४०० किलोमीटरची ती एक वाट होती. मोठ्या थांब्यांवरचे सर्वांत जुने रांजण चार हजार वर्षांहूनही आधीचे, पिरॅमिडांच्या राज्यकाळाच्या शेवटाकडचे आहेत. तेव्हा इजिप्तमध्ये उंट वापरात नव्हता. ओझी गाढवे वाहत, आणि गाढवाला दर दोनतीन दिवसांनी पाणी हवेच. म्हणजे आधी गाढवांच्याच पाठीवरून पाणी नेऊन रांजण भरायचे, ते पाणी नेताना गाढवांनी त्यातलेच प्यायचे, आणि उरलेल्यावर खरा तांडा पुढे जायचा. अल्क्विनच्या कोड्यातला उंट इथे गाढवाच्या रूपात, कोडे रचले जाण्याच्या तीन हजार वर्षे आधी, खरोखर चालत होता. एवढा खटाटोप एकट्या व्यापाऱ्याच्या आवाक्यातला नव्हे. कुंभार, पाणक्ये, गाढवे हाकणारे, रांजणांची राखण करणारे आणि या सगळ्यांना पोसणारी सत्ता मागे असल्याशिवाय अशी वाट चालू राहत नाही.

मोटार आली म्हणून हे लगेच बदलले नाही. १९१६ पासून लिबियातल्या सनुसी पंथाविरुद्धच्या मोहिमेत ब्रिटिशांच्या हलक्या मोटार-गस्ती फोर्ड मॉडेल टी घेऊन याच वाळवंटात हिंडू लागल्या. मॉडेल टीची टाकी पुढच्या आसनाखाली असे, जेमतेम ३८ लिटरची, आणि तिच्यातले पेट्रोल नुसत्या उताराने इंजिनात उतरे. टाकी निम्म्याखाली गेली आणि चढ खडा आला की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नसे, आणि चालकाला गाडी उलटी वळवून मागच्या मागे चढवावी लागे. या गस्तींनी गाडीचे दरवाजे, टप, जे जे काढता येईल ते काढून टाकले आणि मोकळ्या झालेल्या जागेत पेट्रोल आणि पाणी भरले. यात एक महत्त्वाचा शोध होता: गाडीचा पल्ला वाढवायचा असेल तर तिच्यात काही घालण्याआधी तिच्यातून बरेच काढावे लागते. इजिप्तचे राजपुत्र कमाल एद्दीन हुसेन यांनी १९२० च्या दशकात सीत्रोएनच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्या आणून गिल्फ कबीरपर्यंत मजल मारली आणि त्या पठाराला नाव दिले. गाड्या त्या काळच्या मानाने उत्तम होत्या, पण त्यांच्यामागे रसद पोचवणारे उंटांचे तांडे होतेच. यंत्र नवे असले तरी त्याचा साठा जुन्याच पद्धतीने जमिनीवर ठेवावा लागत होता.

राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने ही पद्धत मोडत आणली. १९२० च्या दशकाच्या मध्यापासून रजेच्या दिवसांत, मित्रांना घेऊन, स्वतःच्या खर्चाने तो कैरोहून निघे. मधली काही वर्षे त्याची नेमणूक हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर होती, तरी त्याच्या मोहिमा थांबल्या नाहीत. १९२९ पासून त्याने फोर्ड मॉडेल ए वापरल्या. त्यांच्यावर लाकडी पेटीसारखी मोकळी बांधणी करून पेट्रोलचे डबे रचलेले असत. वाळूत रुतलेले चाक काढण्यासाठी लोखंडी पन्हळ्या, लोहचुंबकाऐवजी सूर्याच्या सावलीवर दिशा दाखवणारे यंत्र, टायरमधली हवा कमी करण्याची युक्ती या त्याच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत. मला त्यापेक्षा रेडिएटरची व्यवस्था अधिक बोलकी वाटते. उकळणाऱ्या रेडिएटरची वाफ तो नळीने बाजूच्या डब्यातल्या पाण्यात सोडी. वाफ थंड होऊन पाणी होई, आणि इंजिन थंडावले की तेच पाणी परत रेडिएटरमध्ये ओढले जाई. युक्ती मूळची महायुद्धातल्या गस्तींची, बॅग्नॉल्डने ती पक्की केली. पाण्याचा एक पेला वाचला की तेवढ्या वजनाचे पेट्रोल जादा घेता येते. त्याच्या सगळ्या सुधारणांच्या मुळाशी हाच हिशेब होता. १९३२ च्या त्याच्या मोहिमेने सुमारे साडेनऊ हजार किलोमीटर कापले, तेही साध्या, दोनच चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांनी.

इथे भांड्याच्या जातीबद्दल जरा थांबून बोलायला हवे, कारण इतिहासाचे मोठे वळण तिथे आहे. ब्रिटिशांचे पेट्रोल चार गॅलनच्या, म्हणजे सुमारे १८ लिटरच्या, पातळ पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून येई. आपल्याकडे दोन पिढ्यांनी पाणी भरायला, धान्य साठवायला, छपरावर ठोकायला वापरलेला रॉकेलचा डबा याच घराण्यातला. बंदरातून गोदामात नेण्यापुरता तो चांगला. ट्रकमध्ये एकावर एक रचून खडकाळ जमिनीवरून नेला की त्याचे सांधे उलत आणि पेट्रोल वाळूत मुरे. मध्यपूर्वेतल्या ब्रिटिश सेनेचे सरसेनापती ऑकिनलेक यांनी तळापासून वापरणाऱ्यापर्यंत पोचेतो सुमारे ३० टक्के पेट्रोल या डब्यांमुळे वाया जाते असा अंदाज नोंदवला आहे. यातली खरी हानी हरवलेल्या पेट्रोलपेक्षा मोठी होती, कारण ते वाहून नेण्यासाठी जळलेले पेट्रोलही सोबत गेले.

जर्मनांनी या प्रश्नाकडे शांततेच्या काळातच लक्ष दिले होते. १९३७ मध्ये श्वेल्म गावच्या म्युलर कारखान्यात विन्झेंझ ग्रुन्फोगेल याने २० लिटरचा जो डबा घडवला तोच पुढे जेरीकॅन म्हणून जगभर गेला. दोन खोल दाबलेल्या पत्र्यांची एकच जोडणी, तीही वितळवून सांधलेली आणि कडेपासून आत घेतलेली, म्हणजे आपटली तरी मार सांध्यावर पडत नाही. बाजूंवरचे खोलगट ठसे उन्हाने फुगणाऱ्या पेट्रोलला जागा देतात. तोंडाला आट्यांचे झाकण नाही, एका खटक्यात मिटणारी कळ आहे. वर तीन मुठी आहेत: भरलेला डबा एकटा माणूस मधल्या मुठीने उचलतो, दोघे असले तर कडेच्या धरतात, आणि रिकामे डबे एकेका हातात दोन-दोन नेता येतात. वर राखलेल्या हवेच्या पोकळीमुळे भरलेला डबा पाण्यावर तरंगतो. हा डबा अमेरिकेला कसा कळला याची हकिकत रिचर्ड डॅनियल यांनी लिहून ठेवली आहे आणि तिचा धागा हिंदुस्थानपर्यंत येतो. पॉल प्लाइस नावाचा अमेरिकी अभियंता १९३९ मध्ये एका जर्मन सहकाऱ्याबरोबर बर्लिनहून मोटारीने हिंदुस्थानकडे निघाला. वाटेत पाणी साठवायला काही नाही हे लक्षात आल्यावर सहकाऱ्याने टेम्पेलहोफ विमानतळावरच्या साठ्यातले तीन डबे मिळवले. पुढे त्या जर्मनाला परत बोलावले गेले. जाण्यापूर्वी त्याने डब्याच्या बांधणीचा तपशील प्लाइसला दिला, आणि प्लाइस एकटा कलकत्त्याला पोचला. अमेरिकी लष्कराने आधी त्याचे म्हणणे फारसे मनावर घेतले नाही. वाळवंटातल्या ब्रिटिश सैनिकांना मात्र सांगावे लागले नाही. शत्रूचे हाती लागलेले डबे ते जपून वापरत होते.

१९४० च्या उन्हाळ्यात बॅग्नॉल्डने तेव्हाचे सरसेनापती वेव्हेल यांच्या परवानगीने उभ्या केलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुपमध्ये या सगळ्या अनुभवाचे सैनिकी रूप दिसते. पहिली माणसे न्यूझीलंडची होती. पुढे १९४२ मध्ये जाट, राजपूत, मुसलमान आणि शीख गस्तींचे हिंदी लाँग रेंज स्क्वॉड्रन त्याला जोडले गेले. दीड टनी शेव्हरोले ट्रक पेट्रोल, पाणी आणि शिधा घेऊन तळाशी संबंध न ठेवता दीड हजार किलोमीटरहून अधिक जाऊ शकत, आठवडेच्या आठवडे बाहेर राहत. १९४१ मध्ये त्यांना चारही चाकांना ताकद देणारे फोर्ड ट्रक मिळाले. वाळूत चढायला ते सरस होते, पण पेट्रोल इतके जास्त पीत की गस्तीचा पल्लाच आखडला. पुढच्या वर्षी ग्रुपने पुन्हा दोनचाकी ताकदीचे शेव्हरोले घेतले. ताकदवान गाडी असली की झाले, पल्ला आपोआप येतो, असे म्हणणाऱ्यांना याहून थेट उत्तर मिळणार नाही. ज्यांचा जीव गाडीवर अवलंबून होता त्यांनी निवड करताना ताकदीपेक्षा पल्ला वरचा मानला.

यावर गंभीर आक्षेप असा येईल, की या ग्रुपचे यश खरे तर साठ्यांवर उभे होते. हे बरेचसे खरे आहे. मार्च १९४१ मध्ये लक्लेर्कच्या फ्रेंच सैन्याने लिबियातले कुफ्रा मरुद्यान जिंकले, आणि तिथला तळ जिवंत ठेवण्यासाठी सुदानमधल्या वादी हाल्फाहून सुमारे हजार किलोमीटरवरून ट्रकांचे ताफे येत राहिले. विरुद्ध बाजूने हंगेरीच्या लास्लो अल्माशीने मे १९४२ मध्ये दोन जर्मन हेर नाईलकाठच्या असियूतपर्यंत पोचवले, तेव्हा त्यानेही परतीसाठी वाटेत पेट्रोल-पाणी ठेवत जाण्याचीच पद्धत वापरली. पण याच पुराव्याची दुसरी बाजूही पाहा. जमिनीतला साठा तुम्हाला त्याच वाटेने परत यायला भाग पाडतो. तो शत्रूला सापडू शकतो. आणि तो नेऊन ठेवणारी माणसे व ट्रक हिशेबात धरले तर गणित आधी सांगितले तितकेच क्रूर होते. साठ्याने तळ पुढे नेता आला, पण तळाच्या पुढचा मुक्त संचार गाडीवरच्या डब्यांनीच दिला. गस्तीचे काम तर तळाच्या पुढेच सुरू होत असे.

दुसरा आक्षेप कारागिरीचा आहे. इतका उत्तम सुटा डबा हाती असताना बसवलेल्या टाकीची गरज काय? सुटे डबे दहा ठिकाणी विभागता येतात, एक फुटला तर एकच जातो, मित्राला उचलून देता येतो, रिकामा झाला की हलका होतो. टाकीला दगडाने एक भोक पाडले की सगळे गेले. हा आक्षेप मी हलका मानत नाही. म्हणूनच जाणते कारागीर जादा टाकी मुख्य टाकीत विलीन करत नाहीत, मध्ये तोटी किंवा पंप ठेवून दोन्ही वेगळ्या राखतात, म्हणजे एकीत गळती झाली किंवा खराब इंधन शिरले तरी दुसरी शाबूत राहते. पण सुट्या डब्याचे ओझे कुठे पडते हेही पाहायला हवे. २० लिटर पेट्रोलचे वजन सुमारे १५ किलो, वर डब्याचे चारपाच. असे आठ डबे टपावर बांधले की दीडशे किलोंहून अधिक भार गाडीच्या माथ्यावर येतो आणि तिरप्या उतारावर ती कलंडायला निमित्त मिळते. आत ठेवले तर माणसे वाफेत बसतात. तेच इंधन चेसिसच्या दोन पाट्यांमध्ये टांगले की गाडीचा तोल उलट खाली येतो. अर्थात टाकी नुसती पत्र्याची पेटी असून चालत नाही. आत आडवे पडदे हवेत, नाहीतर अर्धी भरलेली टाकी प्रत्येक वळणावर आपले वजन एका बाजूला फेकते. इंधन जाईल तशी हवा आत यायला श्वासनळी हवी, आणि तिचे तोंड इतके वर हवे की ओढा ओलांडताना पाणी शिरू नये. मागे फार खाली लोंबली तर गाडी खड्ड्यातून वर येताना तीच आधी घासते.

हे सगळे शहाणपण युद्धानंतर एका गाडीत एकत्र आले. १९६८ च्या सुमारास केंब्रिजच्या मार्शल कारखान्याने ब्रिटिश लष्कराच्या एसएएस दलासाठी ७२ लांब लँड रोव्हर बदलून दिल्या. वाळवंटात मिसळून जाणाऱ्या त्यांच्या गुलाबी रंगामुळे त्यांना पिंक पँथर म्हणत. प्रत्येकीत सुमारे १०० गॅलन, म्हणजे साडेचारशे लिटर इंधन मावे, आणि ते बसवलेल्या टाक्यांत असे. जे काम आधी ट्रकांच्या गस्तीने वाटून केले ते आता एकेक गाडी करू शकत होती. तिथून घरगुती गाडीपर्यंतचे अंतर फार नव्हते. ऑस्ट्रेलियात तर कारखान्यांनीच ही गरज मान्य केली: तिथे विकल्या गेलेल्या टोयोटा लँड क्रूझर २०० मध्ये ९३ लिटरच्या मुख्य टाकीसोबत ४५ लिटरची दुसरी टाकी मुळातच असे, आणि तरीही अनेक मालक ती काढून आणखी मोठी बसवत.

ऑस्ट्रेलियातच या बदलाची सामाजिक बाजू सर्वांत स्पष्ट दिसते. अल्फ्रेड कॅनिंगने १९०६ मध्ये पाहणी करून १९०८ ते १९१० या काळात पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून सुमारे १८५० किलोमीटरची गुरांची वाट बांधली. गुरे एका दिवसात जेवढी चालतील साधारण तेवढ्या अंतराने विहिरी, एकूण ५१ पाणवठे. जमिनीतल्या साठ्याचे याहून भव्य उदाहरण आधुनिक काळात क्वचित असेल. पण पाणी कुठे आहे हे कॅनिंगला आपोआप कळले नव्हते. त्याने तिथल्या मार्तू आणि इतर आदिवासींना साखळ्यांनी बांधून पाणी दाखवायला लावले. मोहिमेतला स्वयंपाकी एडवर्ड ब्लेक याने तक्रार केली, १९०८ मध्ये रॉयल कमिशन बसले, साखळ्या वापरल्याचे कॅनिंगने नाकारले नाही, आणि तरीही कमिशनने त्याला निर्दोष ठरवले. पुष्कळशा विहिरी आदिवासींच्या पूर्वापार झऱ्यांवरच खोदल्या होत्या आणि रहाट व जड बादलीमुळे त्यांना स्वतःलाच तिथले पाणी काढणे धोक्याचे झाले होते. पुढे अनेक विहिरी मोडलेल्या सापडल्या, यात मला काही नवल वाटत नाही. साठा जमिनीत ठेवायचा तर जमीन ज्यांची त्यांच्याशी संबंध येतोच. तो सहकार्याचा असेल किंवा बळजबरीचा, टाळता मात्र येत नाही.

१९६८ मध्ये तिघा सर्वेक्षकांनी ही वाट प्रथमच संपूर्ण मोटारीने पार केली. पुढे हौशी प्रवासी येऊ लागले आणि त्यांच्यासाठी अनेक वर्षे २३ क्रमांकाच्या विहिरीपाशी इंधनाची पिंपे नेऊन ठेवली जात, आगाऊ मागणी नोंदवणाऱ्या प्रवाशांसाठी. अबू बल्लासचा रांजण त्या वाटेवरच्या प्रत्येक तांड्याचा होता, कॅनिंगची विहीर निदान प्रत्येक गुराख्याची होती, आणि हे पिंप ज्याने मागवले त्याचेच. साठा जमिनीवर असूनही मनाने गाडीत गेलेला होता. ज्याच्या गाडीला मोठी जादा टाकी आहे त्याला या पिंपाचीही गरज उरली नाही. कोणी म्हणेल की हे चांगलेच झाले, कोणाला साखळीने बांधून पाणी शोधायला लावण्याचे दिवस संपले. ते मला मान्य आहे, आणि टाकीच्या बाजूने देण्यासारखे हे सर्वांत वजनदार प्रमाण आहे. पण त्यातून जो समज पसरला तो चुकीचा आहे: की स्वतःचे सगळे स्वतः वाहून नेणारा माणूस कोणाचे काही लागत नाही, आणि निर्जन दिसणारा प्रदेश कोणाचा नाही. २००२ मध्ये मार्तू लोकांचा त्यांच्या भूमीच्या मोठ्या भागावरचा मूळ हक्क न्यायालयाने मान्य केला. वाटेवर ३३ क्रमांकाच्या विहिरीजवळ कुनावरिची ही त्यांची वस्ती आहे आणि तिथे इंधन विकत मिळते. आज या वाटेने जायचे असेल तर टाकी कितीही मोठी असो, निघण्यापूर्वी जमिनीच्या मालकांकडून परवाना घ्यावा लागतो.